उंदराचे वय दाढेत, ओळखही दाढेतच

पुणे, प्रतिनिधी

बैलबाजारात जनावर पारखताना शेतकरी आधी त्याचा जबडा उघडून पाहतो. ‘आदत’, ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘जुळलेला’ अशा मोजक्या शब्दांत बैलाचे वय आणि त्याबरोबर त्याची किंमतही ठरते. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात कोणत्या क्रमाने येतात, या पिढीजात ज्ञानावर ही पारख उभी आहे. प्राणिशास्त्रज्ञ हीच युक्ती उंदरांसाठी वापरतात. मात्र उंदराला दुधाचे दात पडण्याचा प्रकारच नसतो आणि त्याच्या एका बाजूच्या तिन्ही दाढांची मिळून लांबी जेमतेम तांदळाच्या एका दाण्याएवढी भरते. त्यामुळे ही पारख डोळ्यांनी न होता सूक्ष्मदर्शकाखाली आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या कॅलिपरने करावी लागते.

एवढ्या चिमुकल्या दाढा मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुण्याच्या आसपासच सापडते. जगात अन्यत्र नोंद नाही म्हणून गाजलेला एक उंदीर सिंहगडाच्या माथ्यावर राहतो. मुळशी आणि मावळच्या भातखाचरांत पिकाची नासाडी करणारे उंदीर आहेत. शहराच्या गटारांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरविणारे उंदीरही आहेत. यांपैकी कोणता उंदीर कोणता, तो पिल्लू आहे की म्हातारा, आणि दोन उंदरांच्या आकारातील फरक जातीचा आहे की केवळ वयाचा वा लिंगाचा, हे ठरविताना पहिला साक्षीदार म्हणून दातच पुढे येतात.

शेजारी नांदणारे अनेक उंदीर

मुळशी तालुक्यातील माले हे गाव पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या परिसरात आहे. जलाशयाचा काठ, डोंगरउतारावरील झाडी, पावसाळ्यात पाण्याने भरणारी भातखाचरे, गोठे आणि घरे असे नाना प्रकारचे अधिवास घाटमाथ्याजवळच्या या गावांत हाकेच्या अंतरावर असतात. म्हणूनच सह्याद्रीच्या या पट्ट्यात उंदरांच्या कित्येक जाती एकमेकांच्या शेजारी आढळतात. घराच्या आढ्यावरून धावणारा घरचा उंदीर म्हणजे रॅटस रॅटस. बांधाच्या बिळात राहणारा इवलासा शेत-उंदीर म्हणजे मस बुडुगा. भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठा करणारी लहान घूस म्हणजे बँडिकोटा बेंगालेन्सिस, तर तिची थोराड बहीण म्हणजे मोठी घूस, बँडिकोटा इंडिका. मऊ केसांचा शेत-उंदीर म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा. याखेरीज घाटातील जंगलात राहणारा सह्याद्रीचा रानउंदीर आहे, त्याचे शास्त्रीय नाव रॅटस सातारी.

पूर्ण वाढलेला शेत-उंदीर आणि पूर्ण वाढलेली मोठी घूस यांची गल्लत कोणी करणार नाही. पण घुशीचे अर्धवट वाढलेले पिल्लू आणि घरचा प्रौढ उंदीर आकाराने सारखे दिसू शकतात. रंगावर विसंबावे तर तो वयानुसार बदलतो. वजन तर आणखी फसवे असते. गाभण मादीचे वजन भलतेच वाढलेले असते आणि भाताच्या सुगीतला उंदीर उन्हाळ्यातल्या उंदरापेक्षा जाडजूड असतो. शेपटी बऱ्याचदा तुटलेली सापडते. अशा वेळी तुलनेने न बदलणारे एखादे माप हवे असते. दाढांची ओळ हे तसे माप आहे.

सोळा दातांचा संसार

उंदरांच्या कुळाला एकूण सोळाच दात असतात. वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला पुढे एक पटाशीचा दात आणि मागे तीन दाढा. सुळे आणि उपदाढा त्यांना नसतात. पटाशी आणि पहिली दाढ यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते. कुरतडताना उंदीर गालाची कातडी या फटीतून आत ओढून घेतो आणि नको असलेला भुसा बाहेरच्या बाहेर टाकतो. लाकूड, प्लास्टिक, एवढेच नव्हे तर विजेच्या तारांवरचे आवरण कुरतडूनही उंदराच्या पोटात त्यातले फारसे जात नाही, त्याचे हेही एक कारण.

या दोन प्रकारच्या दातांची जीवनकथा पूर्णपणे वेगळी आहे. पटाशी आयुष्यभर वाढत राहते. तिच्या केवळ पुढच्या बाजूला कठीण एनॅमलचा थर असतो आणि मागची बाजू मऊ डेंटिनची असते. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते व पुढची धार सुताराच्या पटाशीसारखी तीक्ष्ण राहते. अनेक जातींत पुढच्या बाजूला दिसणारा पिवळसर-नारिंगी रंग एनॅमलमधील लोहामुळे येतो. प्रयोगशाळेतील उंदरांत वरची पटाशी आठवड्याला दोन मिलिमीटरहून अधिक वाढते आणि खालची त्याहूनही वेगाने. म्हणजे न झिजता वाढली तर वर्षभरात ती दहा सेंटिमीटरच्या पुढे जाईल. उंदराचे कुरतडणे ही खोडी नसून जगण्याची गरज आहे, असे म्हणतात ते यामुळेच.

दाढांचे तसे नाही. उंदराच्या दाढेला आपल्या दाढेसारखीच मुळे असतात. दाढेचा माथा, म्हणजे एनॅमलने मढविलेला वरचा भाग, हिरडीच्या आत असतानाच पूर्ण तयार होतो. दाढ बाहेर आली की एनॅमल घडविणाऱ्या पेशी नाहीशा होतात. त्यानंतर त्या दाढेत एनॅमलचा एक कणही भर पडत नाही. प्रयोगशाळेतील उंदरात पहिली दाढ जन्मानंतर साधारण एकोणिसाव्या दिवशी, दुसरी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास आणि तिसरी पाचव्या आठवड्याच्या आसपास उगवते. म्हणजे दीड महिन्याच्या आतच उंदराच्या दाढांचा आकार कायमचा ठरून जातो. त्यानंतर कवटी लांबत जाते, वजन वाढते, शेपूट वाढते. दाढा मात्र तेवढ्याच राहतात आणि झिजत जातात.

वर्गीकरणात दाढांच्या ओळीला एवढे महत्त्व मिळाले ते या एका गोष्टीमुळे. वरच्या जबड्यातील तिन्ही दाढांच्या ओळीची लांबी इवल्या शेत-उंदरात तीन ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असते, घरच्या उंदरात साडेसहा ते सातच्या आसपास, तर मोठ्या घुशीत दहाच्या आसपास. घुशीचे पिल्लू शरीराने घरच्या उंदराएवढे असले, तरी तिन्ही दाढा उगवल्यानंतर त्याची दाढांची ओळ घुशीएवढीच भरते. शरीर लपवाछपवी करू शकते, दाढ करीत नाही.

नर मोठा, मग त्याची दाढही मोठी?

उंदरांच्या बहुतेक जातींत प्रौढ नर मादीपेक्षा काहीसा वजनदार असतो. कवटीची एकूण लांबी, गालाच्या हाडांची रुंदी अशा मापांतही नर थोडा पुढे असतो. तेव्हा नराचे दातही मोठे असावेत, हा तर्क साहजिक वाटतो. प्रत्यक्षात दाढांच्या बाबतीत हा फरक अत्यल्प असतो आणि अनेक जातींत तो आढळतच नाही.

याचे कारण घडणीच्या वेळापत्रकात आहे. नर आणि मादी यांच्या शरीरातील मोठे फरक वयात येताना स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे घडतात. प्रयोगशाळेतील उंदीर साधारणपणे पाचव्या ते आठव्या आठवड्यात वयात येतात. तोवर दाढांचे माथे तयार होऊन गेलेले असतात. संप्रेरकांचा जोर वाढतो तेव्हा त्यांना वळण देण्यासाठी दाढेत काही शिल्लकच राहिलेले नसते. कवटीचे हाड मात्र वाढतच असते, म्हणून नरमादीतला फरक हाडात दिसतो आणि दाढेत दिसत नाही.

पटाशीचे गणित याच न्यायाने उलटे आहे. ती आयुष्यभर वाढते, जबडा मोठा होतो तसतशी तिची रुंदी आणि जाडीही वाढते. त्यामुळे पटाशीच्या मापात वयाचा परिणाम स्पष्ट दिसतो आणि जिथे नराची कवटी मादीपेक्षा मोठी असते तिथे लिंगाचाही थोडाफार परिणाम त्यात उतरू शकतो. एकाच जबड्यातील दोन दात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. दाढ जातीविषयी बोलते, तर पटाशी त्या प्राण्याच्या वाढीविषयी.

इतर सस्तन प्राण्यांशी तुलना केली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रानडुकराचा किंवा माकडाचा नर सुळ्यांवरून झटकन ओळखता येतो. मादीसाठी वा हद्दीसाठी होणाऱ्या झुंजीत सुळे हे शस्त्र असते, म्हणून नरांत ते मोठे होतात. उंदराला सुळेच नाहीत. त्याच्या दाढा धान्य दळण्यासाठी आहेत आणि ते काम नरालाही करावे लागते आणि मादीलाही. माणसात पुरुषांचे दात स्त्रियांच्या दातांपेक्षा सरासरीने किंचित मोठे असतात व त्यात लिंग-गुणसूत्रांचा वाटा आहे. उंदरांतही असा सूक्ष्म फरक अशक्य नाही. पण ‘सरासरीने किंचित’ या दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो.

सरासरीचा सापळा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावच्या शिवारात घरच्या उंदरांचे वीस नर आणि वीस माद्या पकडल्या. नरांच्या दाढांच्या ओळीची सरासरी लांबी ६.६२ मिलिमीटर भरली आणि माद्यांची ६.५५. म्हणजे नरांची दाढ ०.०७ मिलिमीटरने मोठी. पण प्रत्येक गटात उंदराउंदरांतच सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.२० मिलिमीटरचा चढउतार असेल, तर एवढा फरक केवळ योगायोगानेही सहज येऊ शकतो. संख्याशास्त्राच्या भाषेत तो ‘लक्षणीय’ ठरत नाही.

आता वीसच्या जागी दीडशे-दीडशे उंदीर मोजले आणि तेवढाच फरक कायम राहिला, तर तो योगायोग आहे असे म्हणता येणार नाही. तरीही हातात आलेल्या एका उंदराची दाढ मोजून तो नर की मादी हे सांगता येईल का? मुळीच नाही. कारण दोन्ही गटांची मापे एकमेकांवर जवळजवळ पूर्णपणे चढलेली आहेत. गटातील फरक खरा असणे आणि तो एकट्यादुकट्या प्राण्याच्या ओळखीसाठी उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून उंदरांच्या कवट्यांचा कोणताही पद्धतशीर अभ्यास सुरू होतो तो नर आणि माद्या वेगळ्या करून. त्यांच्या मापांत लक्षणीय फरक नाही, असे आढळले तरच दोन्ही गट एकत्र केले जातात. ही पायरी गाळली आणि एका टेकडीवरून योगायोगाने सगळे म्हातारे नर, तर दुसऱ्या टेकडीवरून सगळ्या तरुण माद्या हाती लागल्या, तर दोन टेकड्यांवर दोन वेगळ्या जाती असल्याचा भास होऊ शकतो.

झिजेवरून वय

दाढेची लांबी वयाबरोबर वाढत नाही, पण तिचा पृष्ठभाग वयाची नोंद ठेवतो. नव्याने उगवलेल्या दाढेवर छोट्या छोट्या टेकाडांच्या आडव्या रांगा असतात. खाताना ही टेकाडे घासली जातात. एनॅमलचे टोक झिजून आतले डेंटिन उघडे पडते व टेकाडाच्या जागी एनॅमलची कडा असलेले छोटे बेट दिसू लागते. पुढे शेजारची बेटे एकमेकांना मिळून आडवे पट्टे तयार होतात. अखेरीस पट्टेही एकत्र येतात आणि म्हाताऱ्या उंदराची दाढ गुळगुळीत वाटीसारखी खोलगट दिसते.

या क्रमाचे टप्पे पाडून संशोधक उंदरांची वयानुसार विभागणी करतात. तिसरी दाढ पूर्ण उगवली नसेल तर पिल्लू. सगळ्या दाढा आल्या, पण टेकाडे अणकुचीदार असतील तर तरुण. बेटे दिसू लागली की प्रौढ, पट्टे झाले की उतारवय आणि नक्षी पुसली गेली की वृद्ध. बैलबाजारातील ‘आदत’ ते ‘जुळलेला’ यांसारखीच ही भाषा आहे. फक्त बैलात नवे दात येण्यावर लक्ष असते, तर उंदरात असलेले दात किती उरले यावर.

या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. झीज ही वयाएवढीच आहारावरही अवलंबून असते. भाताच्या टरफलात सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य घटक, मोठ्या प्रमाणात असतो. भाताचे तूस जाळल्यावर उरणारी राख बहुतांशी सिलिकाचीच असते. टरफलासकट भात दळणाऱ्या आणि बिळातली माती तोंडात जाणाऱ्या खाचरातील उंदराची दाढ, गोदामात पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या उंदराच्या दाढेच्या वेगानेच झिजेल असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे झिजेचे टप्पे ‘कोण कोणापेक्षा वयस्क’ एवढे विश्वासाने सांगतात. ‘नेमके किती महिन्यांचा’ हे सांगायचे तर त्याच परिसरातील, वय माहीत असलेल्या उंदरांशी तुलना करावी लागते. डोळ्यातील भिंगाचे वाळविल्यानंतरचे वजन हे वय ठरविण्याचे आणखी एक साधन आहे. भिंग आयुष्यभर हळूहळू वाढत राहते, म्हणून दाढेच्या झिजेला ते चांगली जोड देते.

मोजणाऱ्याचा हात

दाढ बदलत नाही हे खरे, पण मोजणे बदलते. झिजेमुळे दाढेची उंची कमी होते हे उघड आहे. लांबीवरही तिचा थोडा परिणाम होतो. दाढेच्या बाजू सरळ उभ्या नसून उतरत्या असतात. वरचा भाग घासला गेला की माथ्यावर दिसणारा पृष्ठभाग आधी थोडा रुंदावतो. शेजारच्या दाढा एकमेकींना घासून ओळीची लांबी किंचित घटते. म्हणून माप माथ्याच्या टोकाला घेतले, माथ्याच्या सर्वांत रुंद भागाला घेतले की दाढा ज्या खोबणीत बसतात त्या हाडावर घेतले, यावर आकडा अवलंबून असतो. एका संशोधकाने माथ्यावर आणि दुसऱ्याने खोबणीवर घेतलेली मापे शेजारी ठेवून निष्कर्ष काढले, तर उंदरांऐवजी संशोधकांमधलाच फरक मोजला जातो.

साडेसहा मिलिमीटरच्या ओळीत कॅलिपर टेकविण्यात ०.०५ मिलिमीटरची चूक सहज होते. वर पाहिलेल्या उदाहरणात नरमादीतला फरकच ०.०७ मिलिमीटर होता, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीचे गांभीर्य कळते. यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक कवटी पुन्हा पुन्हा मोजायची, आधीचा आकडा समोर न ठेवता मोजायची आणि शक्यतो ती नराची की मादीची हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. आता सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या डिजिटल छायाचित्रांवरही मापे घेतली जातात. त्याचा फायदा असा, की दुसऱ्या कोणालाही तेच माप पुन्हा तपासता येते.

सिंहगडाचा उंदीर

या किचकट कामाचे मोल सिंहगडाच्या उंदराच्या कहाणीत दिसते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली गोचिडींमार्फत पसरणारा ताप उघडकीस आल्यानंतर जंगलातील छोटे सस्तन प्राणी आणि त्यांच्या अंगावरील गोचिडी हा या केंद्राच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय झाला. गोचिडी कोणत्या प्राण्यावर पोसली जाते हे सांगायचे तर आधी तो प्राणी अचूक ओळखावा लागतो. याच केंद्रातील ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी मिलार्डिया या प्रजातीचा आढावा घेऊन १९७५ साली अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’मध्ये एक नवी जाती जगापुढे मांडली. सिंहगडाच्या जुन्या नावावरून तिचे नामकरण झाले मिलार्डिया कोंडाना.

मिलार्डिया या नावामागेही मुंबईचा संबंध आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या सन्मानार्थ ब्रिटिश शास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९११ साली ते दिले. त्याच वर्षी सोसायटीने देशातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले आणि त्याचा पहिला अहवाल होता खानदेशाचा. त्या सर्वेक्षणातील प्रत्येक कातड्याबरोबर कवटी जपली गेली, मापे लिहिली गेली, नर की मादी याची नोंद झाली. शंभर वर्षांनंतरही एखाद्या उंदराविषयी शंका आली, तर संशोधकाला त्या कवट्यांकडेच जावे लागते.

सह्याद्रीच्या रानउंदराची कथा याच प्रकारची आहे. मार्टिन हिंटन यांनी १९१८ साली सातारा जिल्ह्यातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले, ते घरच्या उंदराचीच एक उपजात म्हणून. पुढे अनेक दशके तो घरच्या उंदराच्या छायेत राहिला. स्वतंत्र जाती म्हणून त्याला मान्यता मिळाली ती एकविसाव्या शतकात. याच्या उलट घडल्याचेही उदाहरण आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात १९९३ साली बँडिकोटा मॅक्झिमा या नावाने घुशीची एक नवी, थोराड जाती मांडण्यात आली होती. नंतरच्या सूचीकारांनी तिला स्वतंत्र न मानता मोठ्या घुशीतच समाविष्ट केले. आकारातला कोणता फरक नव्या जातीचा आणि कोणता एकाच जातीच्या पोटातला, या प्रश्नाचे उत्तर वय, लिंग आणि प्रदेश यांचा हिशेब केल्यावाचून मिळत नाही.

कायद्याच्या भाषेत ‘उंदीर’

हा प्रश्न केवळ संग्रहालयाच्या कपाटातला नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत कोंडाणा उंदराचा समावेश होता. सिंहगडाच्या पठाराचा जेमतेम चौरस किलोमीटरभर भाग हे त्याचे घर म्हणून नोंदले गेले. पर्यटकांची गर्दी, झाडोऱ्याची हानी आणि चराई यांचा ताण या भागावर आहे. दुसरीकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांमध्ये उंदरांचा सरसकट उल्लेख होता. जातींचा भेद त्यात केलेला नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली आणि उपद्रवी प्राण्यांची ती स्वतंत्र अनुसूची १ एप्रिल २०२३ पासून इतिहासजमा झाली. एकाच शब्दाखाली पिकाचा शत्रू आणि नामशेष होऊ घातलेला जीव हे दोघेही येत असतील, तर त्यांना वेगळे ओळखणे ही संरक्षणाची पहिली अट ठरते.

अडचण अशी, की जाती जितकी दुर्मीळ तितके तिचे नमुने कमी. दहा-पाच कवट्यांवरून नरमादीतला आणि तरुण-वृद्धांतला फरक वेगळा काढणे कठीण, आणि मोजण्यासाठी आणखी उंदीर मारणे हे तर संरक्षणाच्या हेतूलाच छेद देणारे. म्हणून आता केसांतून वा शेपटीच्या कणभर तुकड्यातून मिळणाऱ्या डीएनएची मदत घेतली जाते. पकडलेला उंदीर तपासून पुन्हा सोडून देता येतो. तरीही डीएनएचा निकाल जुन्या वर्णनांशी जुळविण्यासाठी ज्या मूळ नमुन्यावरून जातीचे नाव पडले त्याच्या कवटीकडे आणि दाढांकडे परतावेच लागते.

कोणताही उंदीर न मारता दाढा मिळविण्याचा एक मार्ग निसर्गानेही ठेवला आहे. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे यांची गोळी ओकून टाकते. जुन्या वाड्यांत, देवळांच्या शिखरांत घुबडाच्या घरट्याखाली अशा गोळ्यांचा खच पडतो. त्या पाण्यात भिजवून सोडविल्या की दाढांसकट जबडे हाती येतात. दाढांवरून जात आणि झिजेवरून वयोगट कळतो, तर पटाशीच्या रुंदीवरून उंदीर केवढा होता याचा अंदाज बांधता येतो. घुबड शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य अशा गोळ्यांतील जबडे मोजूनच पुराव्यानिशी सांगता येते.

शेत, साथ आणि वयाची नोंद

उंदीर ओळखण्यातील चुकीची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजली आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला तेव्हा उंदीर आणि रोग यांचा संबंधच वादाचा विषय होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत पिसवांची भूमिका दाखवून दिली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या शास्त्रीय तपासात घरात राहणारा काळा उंदीर आणि गटारात राहणारा तपकिरी उंदीर यांचा वेगवेगळा विचार करण्यात आला. माणसाच्या अंथरुणाजवळ राहणारा उंदीर कोणता, यावर रोगाची वाट अवलंबून होती.

आज प्लेगची जागा लेप्टोस्पायरोसिसने घेतली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा अनुभवला. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदीर जितका अधिक जगलेला, तितकी त्याला संसर्ग होऊन गेलेला असण्याची शक्यता अधिक. त्यामुळे पकडलेल्या उंदरांत म्हातारे किती आणि पिल्ले किती, हे न पाहता दोन वस्त्यांमधील संसर्गाची टक्केवारी ताडून पाहिली, तर निष्कर्ष चुकू शकतो. दाढेची झीज इथे थेट आरोग्यखात्याच्या कामाची ठरते.

शेतीतही हेच. भातखाचरात लावलेल्या सापळ्यांत बहुतेक उंदीर अणकुचीदार दाढांचे, म्हणजे नुकतेच वाढलेले मिळत असतील, तर विणीचा हंगाम जोरात आहे. नुसते झिजलेल्या दाढांचे उंदीर मिळत असतील, तर नवी भर थांबली आहे. लहान घुशीची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी अनेक पिल्ले देते. विषारी आमिष वा सापळे विणीचा बहर येण्याआधी लावले तर थोड्या खर्चात काम होते. पीक पोटरीत आल्यावर तेच काम कितीतरी पटींनी अवघड होऊन बसते. मुळशीच्या खाचरात पिकणाऱ्या भाताचे रक्षण करताना हा हिशेब उपयोगी पडतो. कोणत्या उंदराविरुद्ध मोहीम काढायची आणि कोणाला सोडून द्यायचे, हे ठरविण्यासाठीही तो लागतो.

उंदराच्या दाढेची लांबी हे विज्ञानातील अत्यंत छोटे माप आहे. पण ते नीट घेतले, नर-मादी व तरुण-वृद्ध यांचा फरक ध्यानात ठेवून घेतले, तर त्यावर एखाद्या जातीचे अस्तित्व आणि एखाद्या गावाचे पीक या दोहोंचे निर्णय उभे राहू शकतात. शेतकऱ्याने बैलाचा जबडा उघडून जे शहाणपण मिळविले, तेच शहाणपण उंदराच्या बाबतीत अंगी बाणवायला माणसाला बराच अधिक वेळ लागला, इतकेच.

चौकट : ओळखताना हे ध्यानात ठेवा

* चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती उंदीर नव्हे. तिचे दात बारीक, टोकदार आणि सलग असतात. पटाशी आणि दाढांमधील मोकळी जागा तिला नसते. ती मुख्यत्वे किडे खाते.

* खार, साळिंदर आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हे सारे उंदरांचेच नातेवाईक, म्हणजे कृंतक वर्गातील प्राणी आहेत. सतत वाढणारी पटाशी ही त्यांची सामाईक खूण.

* मोठा उंदीर म्हणजे घूस आणि छोटा उंदीर म्हणजे घुशीचे पिल्लू, असे समजू नये. छोटा दिसणारा उंदीर वेगळ्या जातीचा आणि पूर्ण प्रौढ असू शकतो.

* मेलेला वा पकडलेला उंदीर उघड्या हाताने हाताळू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील छोट्या जखमेतूनही शरीरात शिरू शकतात.